खारीचे गाव : कामोठे



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपली रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली ती घालून दिली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांनी ती उचलली. अशा व्यासपीठावर कुणी शिवकाल सांगतो, कुणी ज्ञानेश्वरीतील उपमा उलगडतो, कुणी रशिया-अमेरिकेचे राजकारण समजावतो. आम्ही मात्र आज आपणांस फार दूर नेणार नाही. ज्या जमिनीवर आपण या क्षणी खुर्च्या मांडून बसलो आहोत, तिच्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत. विषय आहे कामोठे गावाचा भूगोल आणि इतिहास.

यावर कुणी म्हणेल, कामोठ्याला कसला आला आहे इतिहास? इथे ना किल्ला, ना लेणे, ना कुठली लढाई. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. आमची शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्या बाकावर आम्ही फ्रान्सची राज्यक्रांती वाचली, शिकागोच्या कामगारांचा लढा वाचला. पण ज्या गावात राहतो ते गाव कुणी केले, हा प्रश्न काही आमच्या मनात आला नाही. तो कसा आला, ते पुढे सांगू. आधी भूगोल.

पनवेलहून मुंबईकडे निघाले की चारपाच किलोमीटरवर महामार्गाच्या दक्षिण अंगाला कामोठे लागते. उत्तरेला खारघरचे डोंगर, पूर्वेला माथेरानची लांबलचक रांग आणि तिच्या पुढ्यात प्रबळगड, दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका. पाऊस धुऊन गेलेल्या सकाळी गच्चीवर उभे राहिले तर हे सारे एका दृष्टिक्षेपात दिसते. हे डोंगर काळ्या कातळाचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस त्यांच्यावर कोसळतो, आणि ते सगळे पाणी ओढ्यांनी व कासाडी, गाढी यांसारख्या नद्यांनी पनवेलच्या खाडीकडे धावते. उलट बाजूने दिवसातून दोनदा समुद्र खाडीवाटे आत येतो. मुंबई बंदरात उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटर चढते. म्हणजे एकीकडून डोंगराचे गोडे पाणी आणि दुसरीकडून समुद्राचे खारे पाणी, अशा दोन पाण्यांच्या मध्ये हे गाव वसलेले आहे. कामोठ्याचा सारा इतिहास या एका वाक्यात आहे असे म्हटले तरी चालेल.

अशा ठिकाणी निसर्गाने स्वतः होऊन दिलेली जमीन थोडी. गावठाणापुरती उंचवट्याची जागा, बाकी सारा चिखल, तिवरांची झाडी आणि ओहोटीला उघडी पडणारी खाजणे. मग शेते आली कुठून? ती माणसाने केली. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या सगळ्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात, आणि खारेपाटातले प्रत्येक शेत हे समुद्राकडून मागून घेतलेले शेत आहे. मागून तरी कसे म्हणावे? हिसकावूनच घेतलेले.

ते कसे हिसकावले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पावसाळा सरला की खाडीच्या कडेने चिखलाची ढेकळे कापून, हातोहात देऊन, एकावर एक रचून बांध घालीत. बांध उधाणापेक्षा उंच हवा, पायाशी रुंद हवा आणि भेगा न पडणाऱ्या चिकण चिखलाचा हवा. बांध झाला म्हणजे समुद्र बाहेर राहिला; पण आतले पावसाचे पाणी जायचे कुठे? त्यासाठी बांधात ठेवायची उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचे दार. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडते. त्याला पहारेकरी नको की यंत्र नको. ज्या माणसाने हे पहिल्याने योजले त्याचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही. पण आमच्या मते तो इंजिनेर होता.

बांध घातला म्हणजे लगेच भात पिकते असेही नाही. जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघावे लागते. त्याला काही पावसाळे जातात. प्रथम गवत येते, मग भात. आणि भातही कुठलेही चालत नाही. खारे पाणी सोसणारी राता भाताची जात या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली. इतरत्र आवण करून रोप लावतात. खारीत मात्र भात भिजवून, मोड आणून, चिखलात फेकून पेरीत. या मोड आलेल्या बियाण्याला रहू म्हणतात. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणारी भाताची वाणे निघावीत म्हणून काम केले; ‘पनवेल’ नावाची वाणे तिथलीच. शास्त्रज्ञांनी ज्या प्रश्नावर प्रयोगशाळेत डोके लावले, तो प्रश्न शेतकऱ्याने आधी आपल्या चिखलात सोडवायला घेतला होता, हे विसरता कामा नये.

भाताखेरीज खाडी होतीच. चिंबोरी, निवट्या, बोय, कोलंबी, आणि शेततळ्यात वाढवलेला जिताडा. जिताडा हा खारेपाटाचा मान. जावई आला तर जिताडा, साहेबाला खूश करायचे तर जिताडा. जवळपास मिठागरे होती. आगर पिकवणारा तो आगरी, अशी या भागातल्या मोठ्या समाजाच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. आगरी आणि कोळी यांच्या घामाने हा प्रदेश उभा राहिला.

आता राजांविषयी थोडेसे. उत्तर कोकणावर शिलाहारांनी राज्य केले, पुढे सुलतान आले, पोर्तुगीज आले, बेलापूरचा किल्ला या हातातून त्या हातात गेला, मराठे आले, इंग्रज आले. या सगळ्यांनी गावाकडून सारा घेतला. बांध मात्र गावानेच घातला. पनवेल हे तेव्हा गजबजलेले बंदर होते. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस मचव्यात बसून पनवेलला उतरे आणि पुढे बोरघाट चढे. घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला तेव्हा पनवेलची भरभराट झाली; १८५२ साली इथे नगरपालिका आली. पुढे १८६३ साली रेल्वे कर्जत-खंडाळ्याने घाट चढली आणि प्रवासी पनवेलला उतरेनासा झाला. व्यापाराचे पाणी असे भरती-ओहोटीसारखे आले नि गेले. शेजारचा खारेपाट आपला बांध लिंपीतच होता. पनवेल ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात गेले, आणि १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. कागदावर गावाचा पत्ता बदलला, एवढेच.

परंतु एक गोष्ट अशी आहे की जी पत्त्यापेक्षा महत्त्वाची होती. ती म्हणजे जमीन कसणारा कोण आणि मालक कोण. खारेपाटात बांध घालणाऱ्याच्या हाती बहुधा कूळपणाच राही. पिकाचा मोठा वाटा खोत आणि सावकार नेई. याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाच्या परिसरात नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी १९३३ साली संप केला. शेते पडीक ठेवली, लाकूडफाटा विकून आणि करवंदे-मासळीवर दिवस काढले, पण नांगर धरला नाही. तो संप १९३९ पर्यंत चालला. आम्ही आयुष्यभर संपाचेच काम केले. सहा दिवसांचा संप टिकवताना काय होते ते आम्ही जाणतो. सहा वर्षांचा संप हा शब्द उच्चारतानाही आमचा आवाज खाली येतो. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्च्याने आले. पुढे १९४८ सालचा कूळकायदा झाला, त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्यात उतरले. त्याच १९४८ साली खार जमिनींचा कायदाही झाला आणि बांध राखण्यात सरकारचा हात लागला.

म्हणजे शेकडो वर्षे ज्याने चिखल वाहिला, त्याचे नाव अखेर सातबाऱ्यावर चढण्याचा दिवस उगवला. आता एक हिशेब करा. १९५७ मध्ये नाव चढण्याचा मार्ग खुला झाला. ४ फेब्रुवारी १९७० रोजी सरकारने ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ८६ गावांची खाजगी जमीन नव्या शहरासाठी संपादन करण्याची अधिसूचना काढली. १९७३ साली आणखी ९ गावे त्यात आली. मिळून ९५. कामोठे त्यांपैकी एक. १९५७ ते १९७० ही १३ वर्षे. मिळालेल्या जमिनीचे सुख या पट्ट्यातल्या कुळाला भोगायला मिळाले ते इतके.

नवे शहर वाईट हेतूने आखले असे आम्ही म्हणणार नाही. मुंबई तुंबली होती. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली खाडीपलीकडे दुसरे शहर वसवण्याची कल्पना मांडली. त्यामागे विचार होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि ३४४ चौरस किलोमीटरच्या प्रदेशावर आराखडा पसरला. चूक कुठे झाली? आराखड्याच्या कागदावर आमची खारी जमीन रिकामी दिसली. ज्या जमिनीचा ढेकूळ नि ढेकूळ माणसाने हाताने रचलेला, ती कागदावर मोकळी जागा ठरली आणि तिचा भाव पडीक जमिनीसारखा लावला गेला, हे या पट्ट्याचे मूळ दुखणे.

त्या दुखण्याला वाचा फोडली ती जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांनी. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर आला. १६ आणि १७ जानेवारीला दास्तान फाटा आणि नवघर येथे पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, कमलाकर तांडेल, महादेव पाटील, केशव पाटील. ही नावे या व्यासपीठावरून एकदा मोठ्याने उच्चारली जावीत अशी आमची इच्छा होती, ती आज पुरी झाली. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. १९९० आणि १९९४ च्या शासननिर्णयांनी ते रुजले. विकासासाठी जमीन देणाऱ्याला विकासात वाटा मिळाला पाहिजे, हा विचार केवळ पैशाचा नव्हे, प्रतिष्ठेचा होता.

आता आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची गोष्ट. आमचे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. तो संप मोडला आणि त्याबरोबर आमच्या घराची घडीही मोडली. पोटामागे पनवेलकडे आलो. १९९८ साली हार्बर मार्गाची गाडी पनवेलपर्यंत पोचली आणि तिच्यामागून माणसांचा लोंढा आला. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, खानदेश, शिवाय उत्तरेचे आणि दक्षिणेचेही. भराव पडले, सेक्टर आखले गेले, इमारती उठल्या. स्थानकाला नाव मिळाले मानसरोवर. ते हिमालयापलीकडचे सरोवर इथे कसे अवतरले हे आम्हांस कळलेले नाही. पण ज्या गावाच्या खारीवरून गाडी जाते त्याचे नाव काही फलाटावर आले नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठे तिच्यात गेले.

याच काळात आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान खरे होणार नाही. तळोज्याच्या एका कारखान्यात आम्ही संघटनेचे काम पाहत होतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. भरती निघाली. गावातले तरुण म्हणाले, आमची जमीन गेली, पहिला हक्क आमचा. बाहेरून आलेले कंत्राटी कामगार म्हणाले, सहा वर्षे आम्ही राबतो आहोत, आधी आम्हांला कायम करा. दोघांचेही म्हणणे खरे होते. आम्ही मात्र सभेत उभे राहून गावच्या पोरांना सुनावले, “कामगाराला गाव नसते.” टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी गावातली मंडळी संघटनेतून निघून गेली. मालकाने दोन्ही बाजूंना झुलवत ठेवले आणि अखेर कायम कुणालाच केले नाही. सगळे काम तिसऱ्याच ठेकेदाराकडे गेले.

त्या दिवसांत गावातले एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे आले. पूर्वी शेतकरी, मग त्याच कारखान्यात फाटकावर राखणदार. ते आम्हांला घेऊन खाडीच्या अंगाला गेले. तिवरांच्या झाडीत एक लांबट उंचवटा दाखवला. आम्हांला वाटले, मातीचा ढीग. ते म्हणाले, हा आमचा बांध. मग त्यांनी सांगितले की चिंबोरीने किंवा उंदराने पाडलेल्या बोटभर भोकातून पाणी शिरते आणि एका भरतीत खिंडार पडते. रात्री ओरड झाली की प्रत्येक घरातले माणूस कुदळ-घमेले घेऊन धावे. ज्याचे शेत बांधालगत तोही, ज्याचे गावाच्या टोकाला तोही, ज्याला शेतच नाही तोही. आदल्या दिवशी ज्याच्याशी भांडण झाले त्याच्याच हातात ढेकूळ द्यायचे. एवढे बोलून ते आपल्या आगरी बोलीत म्हणाले, “बांद फुटला का गावान कोनी पावना नाय.”

आम्ही पंचवीस वर्षांच्या वाचनात एकजुटीची जितकी व्याख्याने वाचली त्या सर्वांपेक्षा हे एक वाक्य भारी ठरले. कामगाराला गाव नसते, हे आमचे म्हणणे अर्धे होते. ज्याला गाव आहे त्याला ते नाकारायचे नसते. ज्याला नाही त्याला त्यात घ्यायचे असते. त्या गृहस्थांनी आम्हांला हाकलले नाही. बांधावर नेऊन उभे केले. पुढच्या खेपेला आम्ही दोन्ही गटांची मागणी एकाच कागदावर लिहिली. तिला यश किती आले हा भाग वेगळा; पण कागद एक राहिला.

हा इतिहास जुना झाला, आता त्याचे काय, असे आपण विचाराल. तो जुना झालेला नाही. वाशी, बेलापूर, कळंबोली अशा सखल भागांत सिडकोने धारण तलाव बांधले. पावसाचे पाणी त्यांत साठते, भरतीला दारे मिटतात, ओहोटीला उघडतात. ही उघाडीच नव्हे काय? आराखडा करणाऱ्यांना शेवटी म्हाताऱ्या खारेपाटाचीच विद्या वापरावी लागली. फरक एवढाच की पूर्वी उघाडीत गाळ साचला तर गाव काढी; आता तलावात गाळ साचतो, त्यात तिवरे उगवतात, तिवरांना कायद्याचे रक्षण असते, आणि गाळ कुणी नि कसा काढायचा याची पत्रे या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतात. तिवरे राखलीच पाहिजेत, तीच खाडीच्या काठाची खरी राखण; पण पाण्याला वाटही हवीच. २६ जुलै २००५ च्या महापुरात पनवेलकरांनी गाढीचे पाणी घरात पाहिले आहे. पाणी कागदाची वाट पाहत नाही.

खाडीच्या पलीकडे उलवे टेकडी कापून आणि नदीचे पात्र वळवून विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. आनंद आहे. पण त्याचबरोबर मूळ गावठाणांत वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षे शासनदरबारी घोळत आला आहे. आणि आमच्या सेक्टरांत राहणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. तो म्हणतो, गावठाण म्हणजे अरुंद गल्ल्या. गावकरी म्हणतो, सेक्टर म्हणजे परके लोक. दोघांच्याही पायाखाली एकच भराव आहे आणि भरावाखाली एकच बांध.

तात्पर्य काय? आमची आपणांकडे तीन साधी मागणी आहे. पहिली, ज्या वडीलधाऱ्यांनी खारीत भात फेकले, उघाडी बसवल्या, ते आज हयात आहेत तोवर त्यांचे शब्द लिहून घ्या. बांधांची, उघाड्यांची, शेतांची नावे त्यांच्याबरोबर जाता कामा नयेत. ही नावे कुठल्याही नकाशात नाहीत. दुसरी, कामोठे आणि जुई या गावांतील शाळकरी मुलांना वर्षातून एकदा खाडीच्या काठी न्या आणि ओहोटी-भरती दाखवा. भूगोलाच्या पुस्तकात ती चित्रात असते, इथे दारात आहे. तिसरी, पावसाळ्याआधी नाले आणि तलाव पाहायला गावठाण आणि सेक्टर या दोघांनी मिळून जावे. अर्ज करायचा तर एका कागदावर करावा, सह्या दोन्हीकडच्या असाव्यात.

मोठ्या राजधान्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. जगात कुठेही जा, नेदरलँड्समध्ये समुद्राला बांध घालून देश वसवला म्हणून लोक तिथे पाहायला जातात आणि कौतुक करतात. आपणही करावे. पण तेच काम, हाताने, चिखलाने आणि एकमेकांच्या विश्वासावर, या पनवेलच्या खाडीकाठी झाले; आणि आपण मात्र त्या बांधावर गाडी उभी करून विचारतो, इथे पूर्वी काय होते?

इथे पूर्वी समुद्र होता. मग माणसे आली, आणि गाव झाले. ते गाव राखणे आता आपल्याकडे आहे.